पंचहौदचं देवालय सहलीच्या यादीत घ्या: पुण्यातील शाळांच्या मुख्याध्यापकांना खुले पत्र

माननीय मुख्याध्यापक आणि मुख्याध्यापिका,



दिवाळीची सुट्टी संपली की शाळांतून सहलींची तयारी सुरू होते. बसवाल्याशी बोलणी होतात, पालकांची संमतीपत्रं गोळा होतात आणि यादी ठरते: शनिवारवाडा, लाल महाल, विश्रामबागवाडा, केळकर संग्रहालय, वेळ उरला तर पर्वती. या यादीत एक ठिकाण वाढवा, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. गुरुवार पेठेतलं पवित्र नाम देवालय, म्हणजे पुणेकर ज्याला पंचहौद चर्च म्हणतात ते. बस नाही केली तरी चालेल. मंडईपासून मुलांना रांगेनं पायी नेता येईल इतकं ते जवळ आहे.

मी बरीच वर्षं माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. नववी-दहावीत समाजसुधारणेचा धडा आला की पंचहौद मिशनमधल्या चहाची गोष्ट मी सांगत असे, आणि दर वर्षी वर्ग खळखळून हसत असे. चहा प्यायला म्हणून प्रायश्चित्त! मुलांना ते खरंच वाटत नसे. हसण्यात काही गैर नाही, पण तास तिथंच संपतो आणि त्या गोष्टीतलं जे खरं शिकण्यासारखं आहे ते हातातून निसटतं. गोष्ट घडली ते आवार आजही आपल्याच गावात उभं आहे. त्याच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या मुलांनासुद्धा हे ठाऊक नसतं.

आधी गोष्ट नीट मांडते, कारण ती अर्धवटच सांगितली जाते. १८९०चा ऑक्टोबर महिना. पत्नी आनंदीबाईंना डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला धाडणारे, आणि १८८७ मध्ये त्यांच्या निधनानंतर एकटे उरलेले गोपाळराव जोशी यांच्या खटपटीनं पुण्यातली बरीच प्रतिष्ठित मंडळी पंचहौद मिशनमध्ये जमली. निमित्त व्याख्यानाचं होतं. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. त्या वेळी टिळक चौतीस वर्षांचे होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढं आली. काहींनी घेतली, काहींनी भिडेखातर पेला नुसता हातात धरून बाजूला ठेवला. थोड्याच दिवसांत ‘पुणे वैभव’ पत्रात हजर असलेल्यांची नावं छापून आली. गावात गहजब झाला. सनातनी पक्षानं शंकराचार्यांकडे तक्रार नेली, ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं, चौकशीला शास्त्री नेमले गेले. कोण प्यायलं, कोणी नुसता स्पर्श केला, कोण नुसतंच बसून होतं, याचा कीस काढण्यात गावाचं वर्ष-दीड वर्ष गेलं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, तरी त्यांच्या घरच्या कार्याला भटजी मिळण्याची पंचाईत झालीच. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. मित्रांची कोंडी सुटावी म्हणून त्यांनी हे केलं, पण त्यांच्याकडे आशेनं पाहणारे सुधारक दुखावले गेले. रमाबाई रानड्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’त या प्रकरणाबद्दल लिहिलं आहे. आपल्या ग्रंथालयात ते पुस्तक असेलच. सहलीआधी त्यातली ती पानं वर्गात वाचायला द्या.

आता त्याच सहा महिन्यांत पुण्यात आणखी काय चाललं होतं, हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून पाहा. चहा ऑक्टोबरात झाला. नोव्हेंबरात पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी काढलेलं आपलं शारदा सदन मुंबईहून पुण्याला हलवलं. २८ नोव्हेंबरला जोतीराव फुले गेले, गंज पेठेतल्या आपल्या घरी. ते घर, म्हणजे फुलेवाडा, आणि पंचहौदचं आवार यांत चालत दहा-पंधरा मिनिटांचं अंतर आहे. पुढच्या जानेवारीत संमतिवयाचं विधेयक आलं आणि मार्चमध्ये त्याचा कायदा झाला. त्यावरून टिळक आणि सुधारक यांच्यात जी तुंबळ लढाई झाली ती आपण सगळेच शिकवतो. पुस्तकात हे चार विषय चार निरनिराळ्या धड्यांत येतात. मुलांना वाटतं की ही माणसं वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या गावांत होऊन गेली असावीत. प्रत्यक्षात ती एकमेकांच्या हाकेच्या टप्प्यात राहत होती, एकाच गावात भांडत होती. हे मुलांना पायांनी कळायला हवं. फुलेवाड्यातून निघून पंचहौदपर्यंत चालत आलं की ते कळतं. वर्गात नकाशा कितीही मोठा टांगा, तो परिणाम होत नाही.

दोन्ही जागा एकाच दिवशी दाखवाव्यात असं मला वाटतं, त्याला आणखी एक कारण आहे: पाणी. पेशवाईत कात्रजच्या तलावाचं पाणी नळानं शहरात आणून हौदांतून खेळवलं गेलं. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं अजून जिभेवर आहेत. पंचहौदचं नावही पाण्याच्या पाच हौदांवरून आलं. जुन्या पुण्यात पाण्याची जागा ही जातीची जागाही होती. कोणी कुठे घागर बुडवायची आणि कोणी लांब उभं राहून वाट बघायची, हे ठरलेलं होतं. फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. बावीस वर्षांनी त्याच परिसरात पुण्याची विद्वान मंडळी मिशनच्या पेल्यातून चहा घ्यावा की न घ्यावा या विवंचनेत बसली होती. या दोन घटना शेजारी ठेवल्या की मुलं हसत नाहीत. माझ्या वर्गातली एक मुलगी मला म्हणाली होती, “बाई, मग फुल्यांच्या हौदावर कोणी चौकशी का नाही नेमली?” त्या तासाला पुढचं काही शिकवता आलं नाही. सगळा वेळ याच प्रश्नावर बोलण्यात गेला, आणि तसा तो जायलाच हवा होता.

माझं मुख्य म्हणणं याच्याही पुढचं आहे. चहा प्रकरणावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं. चरित्रांत आलं, निबंधांत आलं. सगळ्यांची नजर चहा पिणाऱ्यांवर आहे. ते बाटले की नाही, त्यांनी माघार घेतली की मुत्सद्देगिरी केली. चहा देणाऱ्यांचं काय? घरी बोलावलेल्या पाहुण्यानं तुमच्या हातचा पेला घेतला आणि नंतर ते पाप होतं म्हणून धुऊन काढायला तो काशीला गेला, तर यजमानाला काय वाटलं असेल? आणि मिशनच्या छायेत राहणारे मराठी ख्रिस्ती, ज्यांचा गाव-पाणवठा आधीच सुटलेला होता, त्यांनी ही चौकशी कोणत्या कानांनी ऐकली असेल? त्यांची बाजू आपल्या धड्यात एका ओळीनंही येत नाही. ती मुलांना यजमानांच्या अंगणात उभं राहूनच विचारता येते. म्हणून मी जागेवर नेण्याचा आग्रह धरते आहे.

यजमान कोण होते हे थोडं सांगायला हवं. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ काउली इथं १८६६ मध्ये संत योहानाच्या नावानं एक संन्यासी संघ स्थापन झाला. त्याच्या लोकांना पुढे ‘काउली फादर’ म्हणू लागले. त्यांनी १८७०च्या दशकात मुंबई-पुण्यात काम सुरू केलं. इंग्लंडातल्याच वाँटेज इथल्या ख्रिस्ती संन्यासिनी, म्हणजे सिस्टर्सही, त्याच सुमारास पुण्यात आल्या. पंडिता रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या, आर्य महिला समाज त्यांनी इथंच काढला, आणि या सिस्टर्सशी त्यांचा परिचय इथंच झाला. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजमध्येच त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. रमाबाईंच्या विचारावर ज्यांचा खोल परिणाम झाला ते नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजे फादर नेहेम्या गोरे, काउली फादरांच्या सहवासात राहिलेले. काशीत वाढलेले चित्पावन ब्राह्मण, सहा दर्शनांवर ग्रंथ लिहिणारे पंडित, आणि ख्रिस्ती संन्यासी. हा माणूस आपल्या कोणत्याच पाठ्यपुस्तकात नीटसा भेटत नाही. संस्कृत शिकवणाऱ्या शिक्षकांनी त्यांच्याबद्दल दोन शब्द सांगितले तर फार बरं होईल.

देवालय उभं राहिलं ते १८८५ मध्ये. आत शिरण्याआधी मुलांना थोडा वेळ बाहेरच उभं करा आणि मनोऱ्याकडे पाहू द्या. पुण्याच्या कॅम्पातली बहुतेक जुनी चर्चं टोकदार कमानींच्या गॉथिक धाटणीची आहेत. इथं नजर इटलीकडे जाते. अर्धगोल कमानी, लांब सरळ सभागृह, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा. अशा रचनेला बॅसिलिका म्हणतात आणि ती चर्चपेक्षाही जुनी आहे, कारण रोमन लोक अशा इमारतीत न्यायदान आणि व्यवहार करत. शहराच्या पेठेत, वाड्यांच्या आणि चाळींच्या गर्दीत ही इमारत बांधणाऱ्यांनी गोऱ्या सैनिकांसाठी छावणीत बांधलं तसं देवालय बांधलं नाही, याकडे मुलांचं लक्ष वेधा. कॅम्पातली चर्चं साहेबासाठी होती. हे देवालय पेठेतल्या माणसासाठी होतं. ते कोणासाठी आणि कुठे बांधलं, या एकाच प्रश्नावर एक तास सहज जाईल.

घंटांची गोष्ट गणिताच्या शिक्षकांसाठी राखून ठेवली आहे. या देवालयाला इंग्लंडमध्ये ओतलेल्या आठ घंटांचा संच लाभला. इंग्लंडात अशा संचावर सूर वाजवत नाहीत. घंटांचा क्रम दर फेरीला बदलत नेतात आणि एकदा आलेला क्रम शक्यतो पुन्हा येऊ देत नाहीत. आठ घंटांचे असे किती क्रम होतील? ४०,३२०. क्रमपर्यायाचं उदाहरण म्हणून आपण नेहमी खुर्च्यांवर मुलं बसवतो. एकदा मनोऱ्याखाली उभं राहून हे गणित करून पाहा.

आत गेल्यावर फार बोलू नये. खांब, वेदी, बाप्तिस्म्याचं कुंड, भिंतीवरच्या स्मृतिशिला, एवढं मुलांनी स्वतःहून पाहावं. शिलांवरची नावं वाचायला सांगा. कोणत्याही जुन्या देवालयात नावंच सगळ्यात जास्त बोलतात. आणि जमलं तर मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला मुलांशी बोलायची विनंती करा. इथली उपासना मराठीत होते. ना. वा. टिळकांची गीतं मराठी ख्रिस्ती मंडळी पिढ्यान्‌पिढ्या गात आली आहेत. ज्या कवीला आपण बालकवितांसाठी आणि निसर्गकवितांसाठी ओळखतो, त्याची पदं आठवड्याच्या आठवड्याला म्हणणारे लोक आपल्याच गावात आहेत, हे आपल्या मराठीच्या शिक्षकांनासुद्धा अनेकदा ठाऊक नसतं. ‘स्मृतिचित्रे’मधला उतारा आपण किती आवडीनं शिकवतो! ना. वा. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं हे पुस्तक ज्या समाजात पुढे जगलं, त्या समाजाशी ओळख मात्र करून देत नाही.

आता अडचणींबद्दल. पालकसभेत कोणी तरी उठून विचारणार: चर्चमध्ये कशाला नेता? हा प्रश्न टाळू नका आणि विचारणाऱ्याला गप्पही करू नका. मिशनरी इथं धर्म सांगायला आणि माणसं आपल्या धर्मात घ्यायला आले होते, हे खरं आहे. ते लपवलं तर इतिहास शिकवला असं म्हणता येणार नाही. शारदा सदनात मुलींवर ख्रिस्ती धर्माची छाप पडते आहे, या आक्षेपावरून १८९३ मध्ये रानडे आणि संस्कृतपंडित रा. गो. भांडारकर यांनीही पंडिता रमाबाईंच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं होतं. हेही मुलांना सांगा. पण जो पालक म्हणतो की हे सगळं परक्यांचं आहे, आपलं यात काही नाही, त्याला नाना पेठेतलं क्वार्टर गेटजवळचं चर्च दाखवा. १७९२ मध्ये, सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, पेशव्यांच्या फौजेतल्या कॅथलिक शिपायांच्या प्रार्थनेसाठी त्याला जागा मिळाली. इंग्रजांचं राज्य पुण्यात यायला तेव्हा अजून पाव शतक होतं. पेशव्यांनी आपल्या चाकरीतल्या माणसाला त्याच्या देवासाठी जागा दिली. आपण निदान मुलांना ती जागा पाहू द्यावी.

दुसरी अडचण उलट दिशेनं येते. काही शाळा उत्साहात नाताळच्या आठवड्यातच मुलांना नेतात. सजावट, गोठा, फोटो, केक. ते आनंदाचं आहे, पण मी सांगते आहे ती भेट त्या आठवड्यातली नाही. मंडळीच्या सणाच्या धांदलीत दोनशे मुलं आवारात सोडणं हा पाहुणचाराचा गैरफायदा आहे, आणि त्या गर्दीत कुणाच्या डोक्यात काही शिरत नाही. जानेवारीतला साधा कामाचा दिवस घ्या. रविवारही टाळा, कारण तो उपासनेचा वार. आधी पाळकसाहेबांना रीतसर पत्र पाठवा, किती मुलं येणार आणि किती वेळ थांबणार ते कळवा, आणि त्यांनी नाही म्हटलं तर दुसरी तारीख मागा. हे चालतं-बोलतं देवालय आहे. तिथं लग्नं लागतात, बाप्तिस्मे होतात, माणसांना निरोप दिला जातो. आपल्या मुलांना संग्रहालयाची सवय असते, जिथे तिकीट काढलं की आत शिरता येतं. इथं परवानगी मागून, चपला-बुटांबद्दल विचारून, आवाज खाली ठेवून जायचं. दर्ग्यात, गुरुद्वारात, अग्यारीच्या दाराशी कसं वागावं हेही याच रीतीनं शिकता येईल.

एका तुकडीत चाळीसपेक्षा जास्त मुलं नेऊ नका. पाठ्यपुस्तकातला धडा आधी झालेला असावा. प्रश्नपत्रिका हातात देऊन मोकळ्या जागा भरायला सांगू नका. त्यानं मुलं खांब बघत नाहीत, उत्तरं शोधतात. त्याऐवजी परत आल्यावर एकच लेखन करायला द्या: तुम्ही १८९०च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये पेले भरणाऱ्या माणसांपैकी एक आहात. वर्ष-दीड वर्षानं ग्रामण्याचा निकाल तुमच्या कानावर आला. त्या रात्री तुम्ही आपल्या घरी काय बोललात? मी वर्गात हे लिहून घेतलं आहे. टिळक-रानड्यांवरच्या दहा गुणांच्या उत्तरात जी मुलं तीन ओळींत आटपतात, त्यांनी दोन-दोन पानं लिहिली. ज्या मुलांना घरी किंवा गावाकडे वेगळा पेला पाहायला मिळालेला असतो, ती यावर काय लिहितात ते शिक्षकांनी नीट वाचावं. मात्र त्यांची परवानगी असल्याखेरीज वर्गात मोठ्यानं वाचू नये.

आपल्याला वेळ कमी असतो, कारकुनी वाढली आहे, एक सहल काढायची म्हणजे किती परवानग्या लागतात, हे मी स्वतः भोगलं आहे. म्हणून मोठी योजना मागत नाही. फुलेवाडा ते पंचहौद, पायी, एका सकाळी. पाणी आणि डबा बरोबर. वार्षिक नियोजन जूनमध्ये ठरतं, तेव्हा इतिहासाच्या रकान्यात एवढी एक ओळ घाला. दोन-तीन शेजारच्या शाळांनी मिळून तारखा वाटून घेतल्या तर देवालयाच्या मंडळीवरही भार पडणार नाही. शिक्षकांना आधी एकदा जाऊन पाहायचं असेल तर त्यांना अर्धा दिवस मोकळा द्या. माझ्यासारखे निवृत्त शिक्षक पेठांतून पुष्कळ आहेत. वाट दाखवायला आणि गोष्ट सांगायला आम्ही आनंदानं येऊ.

आपली,
पुण्यातील एक निवृत्त इतिहास शिक्षिका